दोन बोटं जागा

साल एकोणीसशे शहाऐंशी, महिना मार्गशीर्ष. सह्याद्रीच्या कुशीतल्या त्या धरणवसाहतीत सूर्य उशिरा येई आणि लवकर जाई. पूर्वेचा डोंगर त्याला वर येऊ देत नसे, पश्चिमेचा डोंगर त्याला थांबू देत नसे. मधल्या चिंचोळ्या आकाशातून तो घाईतल्या पाहुण्यासारखा निघून जाई, उंबऱ्यावरूनच विचारपूस करून.

बाकी सारा दिवस धुक्याचा. शुभ्र, जड, दहिवरभिजलं धुकं पत्र्याच्या छपरांवर, तारेच्या कुंपणावर, धरणाच्या करड्या भिंतीवर बसून असे. आणि भिंतीमागे पाणी. अडवलेलं, नीलश्याम, निःशब्द पाणी. एके काळी त्याला नदीचं नाव होतं. आता त्याला फक्त पातळी होती.

त्या वसाहतीतल्या एका चौकोनी क्वार्टरमध्ये वसुधा नावाची सून राहत होती.

वसुधा हे नाव तिला लग्नाच्या दिवशी मिळालं. ताटभर तांदळात श्रीनिवासनं सोन्याच्या अंगठीनं ती तीन अक्षरं कोरली, बायकांनी पेढे वाटले, आणि आधीची दोन अक्षरं दाण्यांत मिसळून गेली. आधी ती कुंदा होती.

आणि कुंदा ड्रम वाजवायची. हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलीला विणकाम येतं असं सांगितलं होतं. तेही खोटं नव्हतं.

पुण्यात, कॉलेजच्या अखेरच्या वर्षात, चौघांनी मिळून एक बँड काढला होता. नाव ‘भंगार’. गायची रेवा, खरवडलेल्या कढईसारख्या आवाजात. गिटार पर्सीची. बेस वाजवायचा सदू, तो इतका लाजाळू की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पर्सीच्या मामाची कॅम्पातली बेकरी बंद पडली होती, तिथं त्यांचा सराव चाले. लग्नाच्या एका मोडक्या बँडकडून मिळालेला ढोल, एक चिरलेली झांज आणि बेकरीतले पावाचे पत्र्याचे ट्रे, एवढी कुंदाची सामग्री. पर्सीच्या मावसभावानं परदेशातून पंक संगीताच्या तबकड्या आणल्या होत्या. त्या ऐकून चौघांना शोध लागला की गायला गळा लागतोच असं नाही, चीड आली तरी पुरे.

थंड भट्टीच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेवून एका दुपारी त्यांनी आपली सारी गाणी भरली. रॉकेलच्या रांगेवरचं, मेसच्या आमटीवरचं, अर्ध्या आंघोळीत जाणाऱ्या नळावरचं. एकच कॅसेट. ‘भंगार’चं सगळं वाङ्मय तेवढंच.

कुंदाचं लग्न ठरलं तेव्हा रेवानं ती कॅसेट तिच्या हातात कोंबली. म्हणाली, “आमच्याकडे आम्ही आहोत. तुझ्याकडे हे असू दे.” कुंदानं कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही दात तिथल्या तिथे मोडून टाकले. दात मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. निदान तिला तसं वाटत होतं.

एकादशीला सासूसासरे देवळात कीर्तनाला जात. श्रीनिवास धरणाच्या दरवाजांवर कामाला असे. मग ती सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात आणी, आवाज अगदी बारीक करी, आणि लुगड्याच्या पदराखाली दिवा न्यावा तसा तो कानाशी धरी.

गाणी तिला पाठच होती. तिचा जीव गाण्यांत नव्हता, गाण्यांच्या कडांमध्ये होता. सुरुवात करण्याआधी तिच्याच दोन काठ्या एकमेकींवर आपटायच्या, टक्, टक्, टक्, कोरड्या, करकरीत, उन्हात तडकणाऱ्या शेंगेसारख्या. आमटीच्या गाण्यात पर्सीची तार तुटायची आणि तो मागे कुठेतरी “बोंबला” म्हणायचा. सदूचा पाय घसरून पिठाचं रिकामं पिंप गडगडायचं. नळाच्या गाण्यात रेवा ओरडायची, “कुंदे, हळू, भट्टी कोसळेल!” आणि त्यावर एक हसू. लखलखीत, बेभान, लगाम तुटलेलं हसू. ते तिचं होतं. ते हसू ऐकताना तिला वाटे, ही कोण? हिला एकदा भेटायला हवं.

कीर्तनाची माणसं परतण्याआधी कॅसेट पुन्हा ट्रंकेत जाई, शालूच्या घडीखाली. तिची बोटं मात्र उशिरापर्यंत ट्रंकेत जात नसत. डाळीच्या डब्यावर, पोळपाटाच्या कडेवर ती आपोआप नाचत. सासूबाई मान वर करून पाहत. मग बोटं थांबत.

सासूबाईंना सगळे आई म्हणत. त्यांच्या गळ्यात जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि त्या वर्षी त्याच गळ्यात एक गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं. आवाज राहील की जाईल, हे कुणी सांगत नव्हतं.

सासरे, अण्णा, पाटबंधाऱ्यातले निवृत्त ओव्हरसियर. मोजल्याशिवाय ते भातही वाढून घेत नसत. बायकोच्या आवाजाबद्दल चाळीस वर्षांत त्यांनी एकही बरा शब्द काढला नव्हता. मिरजेला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते उठले, टेपरेकॉर्डर पुसला, आणि म्हणाले, “तुझ्या ओव्या भरून ठेवू.”

घाटात धुकं होतं. एस.टी. आली नव्हती. वसाहतीतल्या एकुलत्या दुकानात कोरी कॅसेट नव्हती, आणि सकाळी मिरजेला निघायचं होतं.

“हिच्या ट्रंकेत आहे की एक,” श्रीनिवास म्हणाला. “कोरीच असावी, वर नाव नाही काही.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कोरी नाही म्हणावं, तर काय आहे विचारतील. काय आहे सांगावं, तर कुणाचं आहे विचारतील. आणि समोर आई बसलेल्या, गळ्याला मफलर गुंडाळून, उद्या नसेल कदाचित असा आवाज मांडीवर घेऊन. नाही म्हणायला जागाच नव्हती. खोलीत नव्हती, खोऱ्यात नव्हती, तिच्या गळ्यातही नव्हती. ती उठली आणि कॅसेट घेऊन आली.

“दात मोडलेत हिचे,” अण्णा म्हणाले, आणि देव्हाऱ्यातल्या फुलवातीचा कापूस त्या खाचांत दाबून बसवला. कॅसेट मुकाट्यानं आत गेली.

आई गाऊ लागल्या. काळोख्या आडातून भरली घागर यावी तशी ओवी वर येई, हिंदकळत, थेंबथेंब सांडत. बाहेर धुकं थबकलं होतं. दारात उभी राहून वसुधा ऐकत होती, आणि प्रत्येक ओवीखाली एकेक काठी, एकेक झांज, एकेक शिवी बुडत होती. पाणी चढताना गाव बुडावं तशी. आधी उंबरे, मग कोनाडे, मग कळस. आणि वरचं पाणी इतकं सुंदर, की रडायचं कुणासाठी, तेच तिला कळेना.

मात्र अण्णांची एक रीत होती. ओवी संपली की ते यंत्र थांबवत आणि फीत जराशी पुढं पळवत.

“असं कशाला?” श्रीनिवासनं विचारलं.

“दोन बोटं जागा सोडावी. धरणाच्या भिंतीत सांधे कशाला ठेवतात? उन्हानं भिंत फुगते. सांधा नसला तर तडकते. ओवीला ओवी चिकटवायची नसते, बाळ.”

पळवलेल्या त्या फितीवरचं पुसलं जात नाही, तिथं आधीचं होतं ते तसंच राहतं, हे अण्णांच्या ध्यानात आलं नाही. सगळा जन्म त्यांनी भिंतींत सांधे सोडले. सांध्यात काय उगवतं, ते वाकून पाहायला सवड झाली नाही.

मंडळी मिरजेला गेली आणि ती घरात एकटी उरली. कॅसेट लावायचं धैर्य तिला होईना. मेलेल्याचं तोंड पाहावं की पाहू नये, तसं. अखेर एका पांढऱ्याफटक दुपारी तिनं कळ दाबली.

ओवी वाहिली. ओवी संपली. आणि त्या पोकळीत, अगदी स्वच्छ: टक्, टक्, टक्.

ती जमिनीवर बसली.

पुन्हा ओवी. पुन्हा फट, आणि फटीत “बोंबला”. पुन्हा ओवी, आणि मग पिंपाचा गडगडाट. सगळी गाणी गेली होती. रॉकेलची रांग गेली, आमटी गेली, रेवाचा खरवडता संताप गेला. उरल्या होत्या त्या नेमक्या कडा. आणि शेवटून दुसऱ्या फटीत, “कुंदे, हळू, भट्टी कोसळेल!” आणि ते हसू, अर्ध्यात तुटलेलं, पुढच्या ओवीच्या तोंडाशी येऊन थांबलेलं. जगात तिचं जुनं नाव आता तेवढ्याच जागेत राहत होतं. दोन बोटं जागेत.

आई परतल्या. गाठ गेली, आवाजही गेला. उरली एक कुजबुज, वाळक्या पानावरून मुंगी चालावी तशी.

मग रोज तिन्हीसांजेला अण्णा टेपरेकॉर्डर लावत, आणि आई स्वतःचा आवाज ऐकत भिंतीला टेकून बसत. वसुधा आत कणीक तिंबत असे. प्रत्येक ओवी सरत आली की तिचे हात कणकेत थांबत.

“हे मधे मधे काय वाजतं रे?” एकदा अण्णा म्हणाले. “डबे पडल्यासारखं.”

“जुनं काहीतरी असेल आधीचं,” श्रीनिवास म्हणाला.

“कुणीतरी खिदळतंयसुद्धा. देवाधर्माच्या ओव्यांत हा उकिरडा कशाला? उद्या बसतो आणि मधल्या जागा कोऱ्या करून टाकतो.”

ती रात्र तिच्या डोळ्यांवरून सरकलीच नाही. पहाटे धरणावरचा भोंगा झाला. दरवाजे थोडे उचलले असावेत. पाणी सुटल्याचा आवाज दरीभर भरून राहिला, आणि मग दरवाजे पुन्हा बसले. सांगावं का? अण्णा, ते पुसू नका, ती मी आहे. एवढं साधं वाक्य. पण ते बोलायला लागणारा गळा त्या कॅसेटमध्ये होता, आणि बाहेर होती वसुधा.

दुपारी अण्णा चष्मा लावून बसले. फीत नेमक्या जागी आणून ठेवली. शेजारी चहाचा कप, तर्जनी लाल कळीवर. स्वयंपाकघराच्या चौकटीत ती उभी होती, हात पिठाचे.

भिंतीला टेकलेल्या आई सरकत पुढं आल्या. त्यांनी आपला हात अण्णांच्या बोटावर ठेवला.

“राहू दे,” त्या कुजबुजल्या.

“अगं, तुझ्या ओव्यांत घाण आहे ती.”

“मी दम घेते तिथं ती पोर हसते. राहू दे.”

“पण—”

“तुम्हीच म्हणता ना, सांधा लागतो. नाहीतर भिंत तडकते.”

भिंतींच्या बाबतीत अण्णांना आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलं ते इतक्या हलक्या आवाजात की वाद घालायला धरायचं कुठं हेच कळेना. त्यांनी बोट काढलं. “चहा गार झाला,” एवढंच म्हणाले.

आई उठल्या. चौकटीशी येऊन थांबल्या. सुनेच्या पिठाळ हाताकडे पाहिलं, त्या नाचऱ्या, चोरट्या, थिजलेल्या बोटांकडे. मग त्यांच्या उरल्यासुरल्या आवाजात, जणू रोजचंच काही, त्या म्हणाल्या,

“कुंदे, ह्यांना दुसरा चहा टाक.”

पातेल्यात पाणी पडलं. साखर पडली. दोघी स्टोव्हच्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिल्या.

“मी ठकू होते,” आई म्हणाल्या. “मला कुणी भरून नाही ठेवलं.”

दार उघडलं नाही. डोंगर हलला नाही. धुकं तसंच होतं, सून तीच होती, चहाही वेळेवर गेला. पण त्या संध्याकाळी ओव्या लागल्या, आणि शेवटून दुसरी फट आली, तेव्हा भिंतीला टेकलेल्या बाईनं दोन बोटं हलकेच जमिनीवर वाजवली. टक्, टक्.

पुढे अण्णा गेले, झोपेत, उशाशी टेपरेकॉर्डर असताना. आई बरीच वर्षं कुजबुजत जगल्या, आणि घरात कुणी नसलं की सुनेला कुंदा म्हणत राहिल्या. कुणी असलं की वसुधा. पर्सीनं मामाची बेकरी पुन्हा चालू केली. भट्टी कोसळली नाही. सदू बँकेत लागला आणि बँकेतूनच निवृत्त झाला. लग्नाकार्यात अजूनही भिंतीकडची खुर्ची धरतो म्हणतात. रेवा परदेशी गेली. तिचा पत्ता कुणाजवळ नाही. तिची एक हाक मात्र आहे.

श्रीनिवासची या धरणावरून त्या धरणावर बदली होत गेली. म्हातारपणी एकदा कॅसेट ऐकता ऐकता त्यानं विचारलं, “हे डबे वाजवतंय तरी कोण?” ती म्हणाली, “मी.” त्यानं फीत मागे घेऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, “ताल धरून आहे.” विणकाम तिनं कधीच सोडून दिलं होतं. ड्रमला तिनं पुन्हा हात लावला नाही.

आता फीत विरत आली आहे. ओव्या धुक्यात गेल्यासारख्या ऐकू येतात, आणि हसूही.

पण ती भिंत अजून उभी आहे, करडी, अजस्र, साऱ्या खोऱ्याचं पाणी छातीशी धरून. तिच्या एका सांध्यात नेचा उगवला आहे. कुणी लावला नाही, कुणी पुसला नाही. वर पाषाण, खाली पाषाण, मागे अडवलेली नदी. आणि मधल्या दोन बोटं जागेत तो, हिरवा, ओला, एकटा. वारा पडलेला असतो, धुकं थांबलेलं असतं, आणि तो हलतो. हलतो. हलत राहतो.