मंद मी होतो, बाबा नव्हेत

मित्रांनो, टेबलाखाली बसलेला मी एक जुना संगणक आहे, आणि मी वैतागलेला आहे. माझी हकिगत ऐकलीत की तुम्हीही वैतागाल.

एका छोट्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि मी एका शिंप्याच्या घरी आलो. शिवणाचं दुकान चालवणाऱ्या या शिंपीबाबांच्या जिभेला त्यांच्या कात्रीइतकीच धार होती. गिऱ्हाइकांची मापं ते माझ्यात साठवत आणि येईल त्याला सांगत, "वहीत शोधायला अर्धा तास जायचा. याला विचारलं की हजर!" तेव्हा मी खरंच चपळ होतो.

पुढे माझ्यात कुणी खेळ भरले, कुणी लग्नाचे व्हिडिओ, कुणी दरवर्षी नवे, आणखी जड प्रोग्रॅम. मेमरी मात्र पहिल्या दिवशी होती तेवढीच. पंख्यात धूळ गच्च बसली. माझी पेटी एकदाही कुणी उघडली नाही. अडलो की थपडा तेवढ्या मिळत. थप्पड खाऊन कुणी भराभर चालायला लागतं का हो?

मग बाबांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. मान आपोआप हलायची, त्यामुळे हो की नाही ते समजेना. डाव्या हाताने लिहिलेलं कुणाला वाचता येईना आणि मोबाइलवर थरथरतं बोट भलत्याच अक्षरावर पडे. माझा मोठा कीबोर्ड तेवढा जमला. मी त्यांचं तोंड झालो. आणि तोंड कसलं, तर एकेक अक्षर बाहेर काढायला धापा टाकणारं!

बाबा टाइप करून वर बघत. पडदा कोराच. त्यांचा मुलगा घटकाभर थांबे, घड्याळ बघे आणि निघून जाई. नंतर रिकाम्या खोलीत त्यांचं वाक्य हळूहळू उमटे.

एकदा मुलाने विचारलं, "बाबा, तुमचं दुकान विकून टाकू का? शनिवारी कागद करायचेत."

बाबांनी तत्क्षणी 'नको' टाइप केलं. ते पडद्यावर आलं तेव्हा मुलगा स्वयंपाकघरात बायकोला सांगत होता, "बाबांचं डोकं आता चालत नाही गं. त्यांना कशाला विचारायचं?"

डोकं माझं चालत नव्हतं! माझा पंखा संतापाने घरघरला, तर मुलाने येऊन, पडद्याकडे न बघताच, मलाच एक ठेवून दिली. "याला आता भंगारात देऊ."

भंगारात द्यायच्या आधी माझ्यात साठवलेले फोटो काढून घ्यावेत म्हणून सूनबाईने संगणक दुरुस्त करणाऱ्या ताईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा बाबा काहीतरी टाइप करत होते. बाबांनी हात मांडीवर ठेवला, आणि पडदा कोराच. ताई बघत राहिल्या. मग 'बसा' उमटलं.

"अहो, यांचं टाइप करून केव्हाच झालंय," ताई म्हणाल्या. "अक्षरं आत्ता येतायत."

"म्हणजे?" सूनबाईने विचारलं.

"म्हणजे बाबांचं डोकं ठणठणीत आहे. हा रखडतोय."

एवढं कळायला या घराला दीड वर्ष लागलं!

ताईंनी माझी फिरणारी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी कितीतरी चपळ अशी एसएसडी बसवली. मेमरीची आणखी एक पट्टी लावली. तिची जागा माझ्यात पहिल्यापासून रिकामी होती. रिकामी! ब्रशने मूठभर धूळ काढली, नको ते प्रोग्रॅम उडवले. नव्या संगणकाच्या मानाने खर्च किरकोळ, काम तासाभराचं.

शनिवारी मुलगा कागदांची पिशवी घेऊन निघाला. सूनबाईने त्याला दारातच अडवलं. "आधी बाबांना विचारा."

"बाबा, दुकान विकायचं ना?"

बाबांनी डाव्या हाताने टाइप केलं, आणि शेवटची कळ दाबतायत तोच पडद्यावर ओळ झळकली : 'नाही. आणि शर्टाचं बटण चुकीच्या काजात लावलंयस, शिंप्याचा मुलगा ना तू?'

मुलाने आधी बटणाकडे पाहिलं, मग बाबांकडे. पिशवी खाली ठेवून तो त्यांच्या पायाशी बसला. "बाबा, हे सगळं तुम्ही... इतके दिवस..." बाबांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

दुकान विकलं नाही. सूनबाई आता कापड बेतते आणि बाबा माझ्यातून तिच्या चुका काढतात. तीही भांडते.

माझा वैताग मात्र गेलेला नाही. दीड वर्ष एका शहाण्या माणसाचं बोलणं माझ्या पोटात अडकून पडलं होतं आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. म्हणून मित्रांनो, यंत्र अडलं तर मारू नका, उघडून बघा. आणि कुणाला काही विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.