सोडतीत न निघालेलं नाव

ग्लादिसने विणकामातला लाल लोकरीचा धागा नकाशावर त्यांच्या हुनीन गावापासून खाली खाली नेला आणि समुद्र लागला तिथे अंगठ्याने दाबून धरला.

"नेकोचेआ," ती म्हणाली. "एक मुक्काम इथे."

तिचा नवरा ओस्मार शेगडीशी उभा राहून कडू चहाच्या तुंबडीत गरम पाणी ओतत होता. पिठाच्या गिरणीत बावीस वर्षं काढलेला माणूस. कितीही आंघोळ केली तरी कानामागे पांढरी रेघ उरायचीच. त्याने आधी धाग्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

"वाकडी वाट आहे."

"किती वाकडी?"

"दीडशे किलोमीटर तरी. पेट्रोल काय माझा साडू भरणार?"

साडू पार दक्षिणेला, त्रेलेउला राहायचा. त्याच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस बारा जानेवारीला होता, आणि मुलीचा पंधरावा म्हणजे लग्नाच्या तोलाचं कार्य. न जाऊन चालणार नव्हतं. जुन्या रेनोमधून दोन दिवसांचा रस्ता होता, मध्ये एक रात्र कुठेतरी काढायला हवी. ओस्मारचं म्हणणं, सरळ रस्त्याने जाऊ आणि एखाद्या पेट्रोलपंपावर गाडीतच झोपू, ट्रकवाले झोपतात तसे. ग्लादिसचं म्हणणं, नोएलिया आठ वर्षांची झाली, अजून समुद्र पाहिला नाही पोरीने. ग्लादिसने तरी कुठे धड पाहिला होता? एकदाच, लग्नाआधी, तोही भर पावसात.

"आणि राहायला तुमच्या युनियनचं हॉटेल आहेच की," ती म्हणाली. "सभासदाला जवळजवळ फुकट."

ओस्मारने तुंबडीतल्या नळीने चहा ओढला. संपून नुसता घरघर आवाज यायला लागला तरी ओढतच राहिला.

"जानेवारीत, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. आणि सोडतीत यंदाही आपलं नाव निघालेलं नाही, सुकडे. सांगितलं ना तुला."

सांगितलं होतं. दर वर्षी डिसेंबरात तो टोपी खुंटीला अडकवता अडकवता सांगायचा, "नाही निघालं." मग युनियनचं नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला लागायचं. वर हॉटेलचा फोटो, निळ्या खिडक्यांचे चार मजले, खाली फोन नंबर. ग्लादिसला कधी त्यात वावगं वाटलं नाही. चर्चच्या सोडतीतली कोंबडीसुद्धा तिला जन्मात लागली नव्हती, मग हॉटेलची खोली कुठली लागायला?

"एका रात्रीला सोडत कशाला लागते? एखादी खोली उरली असेलच," ती म्हणाली.

"नको उगाच."

तो एवढंच बोलला आणि अंगणात जाऊन गाडीचं बॉनेट उघडून बसला. ओस्मार असा नव्हता. पेट्रोलवरून, चपलांवरून, पावात किती मांस घालायचं यावरून तो तासभर हुज्जत घालू शकायचा. फक्त एकाच गोष्टीबद्दल तो असा गप्प व्हायचा, आणि ती गोष्ट समुद्राची नव्हती.

ती गोष्ट नोएलियाच्या जन्माच्या रात्रीची होती. ग्लादिसला कळा सुरू झाल्या तेव्हा ओस्मारची ड्यूटी होती. "जा, बायकोपाशी जा," म्हणून त्याचा जोडीदार रोलांदो त्याच्या जागी थांबला, आणि पहाटे गव्हाच्या कोठीत गाडला गेला. रोलांदोची बायको तेल्मा तेव्हा पोटुशी होती, कडेवर एक लेकरू. महिन्याभरात ती माहेरी निघून गेली ती पुन्हा हुनीनला दिसली नाही. दर ऑगस्टात नोएलियाच्या वाढदिवसाला ओस्मार आधी दफनभूमीत जायचा आणि येताना केक आणायचा. घरात त्यावर कुणी काही बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लादिस कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात गेली. कॅलेंडरवरचा नंबर तिने हातावर लिहून आणला होता. पलीकडे कुणा बाईने फोन उचलला.

"मी हुनीनहून बोलतेय. बासुआल्दो. ओस्मार बासुआल्दोंची बायको."

"अगंबाई, बासुआल्दोबाई! आवाज बसलाय का तुमचा? ओळखलंच नाही." ती बाई भलतीच खुशीत आली. "खोली लावून ठेवलीये हो. तिसरा मजला, मागची बाजू, नेहमीचीच. सात ते चौदा. मुली ठीक ना?"

"मुली?"

"यंदा उंच झाल्या असतील. धाकटी तर काय, तान्ही असल्यापासून येतेय इथे. आणि मिस्टर? यंदाही ड्यूटी आडवी आली का बिचाऱ्यांची?"

ग्लादिसने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानाने काहीतरी चुकीचं ऐकलं होतं.

"सोडत कधी झाली यंदा?" तिने विचारलं.

"कसली सोडत? आमच्याकडे कुठली आलीये सोडत, बाई? सप्टेंबरात ज्याचं पत्र आधी येतं त्याला खोली. तुमच्या मिस्टरांचं तर पहिल्या आठवड्यातच असतं."

ग्लादिसने फोन ठेवला. दुकानदाराने दोनदा हाक मारली तेव्हा तिला कळलं की आपण पैसे न देताच निघालो होतो.

घरी येऊन तिने कपाटाचा खण उपसला. युनियनचं कुटुंबाचं कार्ड तिथे नव्हतं. मग ती पलंगावर बसली आणि विचार करायला लागली. विचार केल्याने काही सुटेना, उलट गुंता वाढत गेला. दुसरं घर म्हणावं, तर जानेवारीतली एकही रात्र ओस्मारने बाहेर काढली नव्हती. रोज संध्याकाळी पीठ अंगावर घेऊन यायचा, जेवायचा, रेडिओ ऐकता ऐकता खुर्चीतच घोरायचा. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो दोन संसार कसले चालवणार? पण मग दर वर्षी सात तारखेला तिच्या नावाने त्या खोलीत उतरणारी बाई कोण? आणि ती धाकटी, तान्ही असल्यापासून येणारी? म्हणजे नोएलियाच्याच वयाची की. कधी तिला राग यायचा, कधी नुसतं हसू यायचं, आणि आपण नेमकं कशावर रागावलोय हेच कळत नसल्यामुळे ती अधिकच चिडायची. आठ वर्षं ती त्या कॅलेंडरखाली कांदे चिरत उभी राहिली होती.

तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि ते खरं की खोटं हे ओळखायची ताकद आपल्यात उरली नाही असं तिला वाटत होतं. त्यापेक्षा डोळ्यांनी बघावं.

"नऊ तारखेला निघायचं," रात्री जेवताना ती म्हणाली. "नेकोचेआवरून."

"ग्लादिस..."

"पोरीला मी समुद्राचं कबूल केलंय."

नोएलियाने ताटातून मान वर केली. समुद्राचं नाव तिने ऐकलं होतं, आता ते परत घेणं कुणाच्या हातात नव्हतं. ओस्मारने पावाचा तुकडा तोडला, न खाता ताटाशेजारी ठेवला आणि आणखी एक तोडला.

नऊ तारखेला पहाटे ते निघाले. मागच्या सीटवर नोएलिया, उशा आणि डबाभर तळलेल्या मांसाचे पाव. पुढे ग्लादिसच्या मांडीत थर्मास. रस्ताभर दोन्हीकडे सूर्यफुलांची शेतं. ओस्मार गाडी साठच्या वर नेईना. इंजिन तापतंय म्हणाला, मग चाकात हवा कमी वाटते म्हणाला. आसूलच्या पुढे एका पंपावर गरम पाणी घ्यायला उतरला तो टेलिफोनच्या खोक्यापाशी बराच वेळ उभा राहिला आणि फोन न करताच परत आला. ग्लादिसने काचेतून सगळं पाहिलं. तिने त्याला चहा भरून दिला. त्याने तो एका दमात ओढला आणि तुंबडी परत दिली.

"जाड्या, तुला बरं नाही का?" तिने विचारलं.

"ऊन लागलं असेल."

"मग खिडकी लाव."

संध्याकाळी पाचला ते नेकोचेआत शिरले. हॉटेल कॅलेंडरवर होतं त्यापेक्षा लहान निघालं, आणि खिडक्यांचा निळा रंग उडालेला. ओस्मारने गाडी दारापाशी न थांबवता पार रस्त्याच्या टोकाला नेऊन उभी केली.

"कार्ड दे," ग्लादिस म्हणाली.

"घरीच राहिलं."

"बरं. तू थांब गाडीपाशी. मी विचारून येते."

"सुकडे, ऐक..." तो म्हणाला. तिने ऐकायला मान वळवली. पण तो आरसा नीट करायला लागला, आणि ती दार लावून चालू लागली.

आत गार होतं, दुधाचा आणि उन्हात तापलेल्या टॉवेलांचा वास होता. काउंटरमागे चष्मा लावलेली एक बाई वही लिहीत होती. तिच्या पाठीमागे खोल्यांच्या नंबरांचे कप्पे होते, आणि प्रत्येक कप्प्यात त्या खोलीतल्या सभासदाचं कार्ड उभं करून ठेवलेलं. तिसऱ्या रांगेत ओस्मार होता. फोटोत मिशी होती, केस होते, ग्लादिसने स्वतः इस्त्री केलेला शर्ट होता.

"बोला बाई. नाव?"

"बासुआल्दो," ग्लादिस म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

काउंटरवरच्या बाईने चष्मा वर सरकवला. आवाज तोच होता, फोनवरचा. "बासुआल्दो? पण बासुआल्दोबाई तर त्या तिथे बसल्यात." तिने हनुवटीने जेवणघराकडे दाखवलं. "मग तुम्ही कोण?"

खिडकीजवळच्या टेबलाशी एक बाई दोन मुलींना पाव भरवत होती. काउंटरवरचं बोलणं ऐकून तिने वर पाहिलं. केस आखूड कापलेले, खांदे उतरलेले, पण ग्लादिसने तिला लगेच ओळखलं. तेल्मा. धाकट्या मुलीने वळून पाहिलं. तिचे कान डोक्यापासून सुटलेले, मोठाले होते. गिरणीतले सगळे त्या कानांवरून रोलांदोची टर उडवायचे.

माणूस गेला की त्याचं कार्ड बंद होतं आणि बायकोपोरांची खोलीही, हा नियम ग्लादिसला माहीत होता. तो वाईट आहे की बरा, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं पत्र तिच्या आता ध्यानात आलं. ऑगस्ट सरला की लगेच.

तेल्मा उठून उभी राहिली होती. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात अजून पाव. ती पुढेही येईना आणि बसेनाही. हे सगळं आता संपलं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. काउंटरवरच्या बाईने पेन उचललं.

"बाई, तुम्हाला विचारतेय मी. तुम्ही बासुआल्दोंच्या कोण?"

ग्लादिसला त्या क्षणी फार राग आला. नवऱ्याचा आला, कारण त्याने एकट्याने हे सगळं वाहिलं होतं आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती नाही म्हणाली असती, असं वाटलं होतं का त्याला? आणि लगेच तिला कळेना की खरंच, पहिल्या वर्षी, नोएलिया पाच महिन्यांची असताना, आपण काय म्हणालो असतो.

"बहीण," ती म्हणाली. "ओस्मारची बहीण. इथून चालले होते, म्हटलं वहिनीला भेटून जावं."

"हां, मग तसं सांगा ना." पेन खाली ठेवलं गेलं. "पण बहिणीला सभासदाच्या दरात खोली मिळत नाही हं. पूर्ण भाडं पडेल."

"नको, नको. राहायचं नाहीच आम्हाला."

ती जेवणघरात गेली. तिने तेल्माच्या गालाला गाल लावला.

"कशी आहेस, वहिनी?"

"बरी," तेल्मा म्हणाली. मग तिने मुलींकडे पाहिलं. "पोरींनो, उठा. आत्याला पापी द्या."

दोघींनी दिली. धाकटीच्या तोंडाला जाम लागला होता, तो ग्लादिसच्या गालाला लागला.

"ग्लादिस, मी त्याला दर वर्षी सांगते की आता..." तेल्मा हळूच म्हणाली.

"मुली उंच झाल्या," ग्लादिस म्हणाली. "चहा गार होतोय तुझा. बस."

ती बाहेर आली तेव्हा ओस्मार बॉनेट उघडून इंजिनात काहीतरी पुसत होता. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. नोएलिया टपावर बसून, छपरांच्या पलीकडे समुद्र दिसतोय की ते नुसतं आभाळच आहे, ते मान उंचावून बघत होती.

"मिळाली खोली?" त्याने विचारलं. तिच्याकडे न पाहताच.

"नाही." ग्लादिसने गालावरचा जाम बोटाने पुसला आणि चाटला. "यंदाही आपलं नाव निघालं नाही."

ओस्मारचा हात थांबला. फडकं तसंच धरून तो उभा राहिला.

"झाडांच्या बनात तंबूवाल्यांची जागा असते म्हणतात, किनाऱ्याला लागूनच," ती म्हणाली. "गाडीतच झोपू. ट्रकवाल्यांसारखे."

त्याने बॉनेट खाली ओढलं. ते नीट लागलं नाही, पुन्हा उघडून लावावं लागलं.

"मग पुढच्या वर्षी निघेल का नाव?" नोएलियाने टपावरून विचारलं.

"उतर आधी खाली," ग्लादिस म्हणाली, आणि आत बसून थर्मासचं झाकण फिरवू लागली. ओस्मार स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, किल्ली फिरवायची राहूनच गेली होती. तिने चहा भरून तुंबडी त्याच्यापुढे धरली.

"सप्टेंबरात पत्र वेळेवर टाक," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात."