डॉक्टरला सांगायचं नाही

पौषात आमची टोळी काष्टीच्या शिवारात ऊस तोडत होती आणि मला आठवा महिना होता. आठव्या महिन्यात फडात काय करत होतीस, असं विचारणाऱ्यांना मी सांगते, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. बायको घरी बसली की नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. म्हणून मी पोट सावरत मोळ्या बांधत होते.

एका सोमवारी अंग मोडून आलं, ताप चढला. दुसऱ्या दिवशी लघवीला बसले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी पाणी पिणंच सोडलं. पण जायचं ते जावंच लागतं. मग दातात पदर धरायचा आणि तांब्यानं वरून गार पाणी ओतत बसायचं. तिथं चाचपून पाहिलं तर बारीक बारीक पाण्याचे फोड, एकाला एक चिकटून. दोन दिवसांत ते फुटले, उघड्या जखमा झाल्या आणि जांघेत गाठ आली. चालताना माझे पाय फाकत होते आणि मी सगळ्यांना कंबर धरली म्हणून सांगत होते.

पण बायकांपासून किती लपणार? एक म्हणाली, उष्णता हाय, धन्याचं पाणी पी. मुकादमाची बायको सविता म्हणाली, "आरती, बाळंत झालीस का पिशवीच काढून टाक. म्या काढली, कटकट गेली." आमच्याकडे बाईचं कुठलंही दुखणं शेवटी पिशवीवर जाऊन थांबतं. पायात काटा मोडला तरी कुणीतरी पिशवी काढायचाच सल्ला देईल.

बाजाराच्या दिवशी मी हट्टानं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची होती. तिनं तपासलं, हात धुतले आणि म्हणाली, "याला हर्पीस म्हणतात. विषाणू आहे. उष्णता नाही आणि पिशवीशी काही देणंघेणं नाही. हा शरीरसंबंधातून येतो."

"मॅडम, मी कुनाकडं गेले न्हाई."

"मी तसं विचारलंच नाही. कित्येकांच्या अंगात हा असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. एखादा बारीक फोड येऊन जातो, कधी तोही येत नाही. वर्षानुवर्षं दडून बसतो. कुणाकडून आला, कधी आला, हे नुसतं बघून कुणालाच सांगता यायचं नाही."

गोळ्यांनी जखमा भरतील, पण विषाणू अंगात राहील, पुन्हा कधी डोकं वर काढेल, असं तिनं सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली. "आता नीट ऐक. हे तुला पहिल्यांदाच झालंय आणि दिवस भरत आलेत. कळा सुरू झाल्या की दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचं, मला हर्पीस झालाय. बाळ त्या वाटेनं आलं तर त्याला लागण होऊ शकते. जिवावरचं असतं ते. सिझर करावं लागेल. लाजून गप्प बसायचं नाही." तिनं ते कागदावर लिहूनही दिलं.

माझ्या नवऱ्याला, वाल्मिकला, तिनं आत बोलावून हेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं त्यातला एकच शब्द ऐकला. रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "मला कुटं काय झालंय? मग तुलाच कसं झालं?"

"ज्याला असतं त्याला कळतबी न्हाई, आसं म्हनल्या न्हवं त्या?"

"म्हंजी माझ्यावर आनतीस व्हय?"

त्यानं तो कागद फाडून पाचटात टाकला. त्या दिवसापर्यंत मी नवऱ्याला अहो-जाहो करत होते. आता सांगताना तोंडात अरे-तुरे येतंय, तर येऊ दे. गोळ्या तेवढ्या मी पोलक्यात दडवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एसटीत बसवून दिलं. आमचं गाव तिसगावच्या पलीकडे. मी पोचायच्या आधी त्याचा फोन पोचला होता. सासूबाई, दगडाबाई, ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी माझं ताट वेगळं केलं, अंथरूण वेगळं केलं, बादली वेगळी केली. पोट पुढे घेऊन मी त्या घरात पाहुणीसारखी नाही, वैरिणीसारखी राहत होते.

आठ दिवसांनी वाल्मिक आला. दगडाबाईंनी देव्हाऱ्यापुढे पाटावर भंडारा ओतला. "उचल. देवाला सांग तुजं मन साफ हाय." मी ओंजळीत भंडारा घेतला. म्हणाले, "वाल्मिक सोडून मला कुनाचा हात लागला आसंल तर माझं वाटोळं हू दे." मग पाट नवऱ्याकडे सरकवला. "आता ह्यानं उचलावा."

वाल्मिक मोबाईल बघायला लागला. म्हणाला, "मला गाडी आलीय न्यायला," आणि उठून गेला. बाहेर कुठलीही गाडी नव्हती. मी पाहिलं, दगडाबाईंनीही पाहिलं. त्यांनी सांडलेला भंडारा निगुतीनं डबीत भरला आणि मलाच म्हणाल्या, "बाप्याला असलं इचारायचं नसतं. आन दुसरं ऐक. बाळंतपणाला डॉक्टरपुढं ह्यातलं एक अक्षर काढायचं न्हाई. काडलंस, तर पोर घिऊन तिथनंच म्हायेरी जायचं. ह्या घराचं दार तुला बंद."

माहेरी आई नाही. भाऊ-भावजय टोळीवर, त्यांच्या घराला कुलूप. कुठं जाणार होते मी?

पुढचे दिवस मी स्वतःशीच भांडत काढले. जखमा भरल्या, खपल्या पडल्या, गाठ उतरली. मला वाटायचं, गेलंय की आता, कशाला तोंड उघडायचं? मग डॉक्टरणीचं बोलणं आठवायचं, की ते जात नाही, दडून बसतं. पोटात बाळ लाथ मारायचं आणि मी त्याला म्हणायचे, थांब रे, तुझ्या आईला अजून धीर होत नाही. मला माझीच घाण वाटायची, आणि घाण वाटते याचा संताप यायचा.

कळा सकाळी सुरू झाल्या. दगडाबाईंनी जीप बोलावली. वाल्मिक तेव्हा घरी आलेला होता, तो पुढे बसला. पाथर्डीला पोचेपर्यंत मला कळांच्या मध्ये तिथं मुंग्या येत होत्या, जळजळत होतं, अगदी पहिल्यांदा फोड यायच्या आधी होत होतं तसं.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "बीपी? शुगर? आणखी काही त्रास?"

"काय न्हाई," दगडाबाई म्हणाल्या. "ठणठणीत हाय." आणि माझ्या दंडावर त्यांची बोटं रुतली.

कळ आली. ती ओसरेपर्यंत मी डोळे मिटून पडले. मला ते बंद दार दिसत होतं, भावाच्या घराचं कुलूप दिसत होतं. मग मी किंचाळलेच म्हणायचं. "मला हर्पीस झालाय! महिन्यापूर्वी झालाय, पयल्यांदाच. आता पुन्ना मुंग्या येत्यात."

सिस्टर पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. दगडाबाई मध्ये पडल्या. "कळांनी बरळतीया ती. खोटं हाय."

"आजी, ही थट्टा नाही," डॉक्टर म्हणाले. "बाळाला लागण झाली तर सुरुवातीला ते चांगलं दिसतं. मग आठ-दहा दिवसांत मलूल पडतं, दूध ओढत नाही. ताप येतो, झटके येतात, कधी अंगावर पाण्याचे फोड उठतात. मग ते हाताला लागत नाही."

दगडाबाईंची बोटं सैल झाली. "दूद वढत न्हाई?"

"नाही."

"फोड टाळूवरबी येत्यात?"

"येतात. तुम्ही पाहिलेत का कुणाला?"

दगडाबाई फरशीवर बसल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "फाडा पोट. अंगठा कुटं द्यायचाय?"

डॉक्टर तयारीला धावले. स्ट्रेचर येईपर्यंत आम्ही दोघीच होतो. दगडाबाई माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

"वाल्मिकच्या आदी माझं एक पोर नवव्या दिशी गेलं. टाळूवर फोड हुते, मव्हरीयेवढे. मलाबी हुते, तुझ्यावानी, तितंच. वाल्मिकचा बाप म्हनला, कुनाला बोललीस तर जित्ती गाडीन. न्हाई बोलले मी." त्यांनी तोंडावरून पदर फिरवला. "माझी जाव कडूबाई. तिला लेकरू न्हवतं. माझं पोर दिसभर तिच्या मांडीवर आसायचं. म्या म्हनलं, हिनंच खाल्लं. साऱ्या गावात चेटकीन म्हनून बोंबलले. नवऱ्यानं टाकली तिला. एकलीच मेली पडवीत. मी मातीलाबी गेले न्हाई, आरती. आता तिला कुटं जाऊन सांगू?"

मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि इतका राग आला की उठता आलं असतं तर मी त्यांना धरून हलवलं असतं. वेगळं ताट, वेगळी बादली, रुतलेली बोटं, काहीही विसरले नव्हते. आजही विसरलेले नाही. पण तेवढ्यात कळ आली आणि मी त्यांचाच हात धरला, कारण तिथं दुसरा हात नव्हता. वाल्मिक बाहेर जीपमध्ये बसून राहिला होता.

स्ट्रेचर निघालं. दगडाबाई एक हात दांडीवर ठेवून बरोबरीनं पळत होत्या. दिसेल त्या सिस्टरला, भूल द्यायला आलेल्या डॉक्टरांना, फरशी पुसणाऱ्या बाईला, समोर येईल त्याला त्या घसा फोडून सांगत होत्या, "हर्पीस झालाय हिला! ध्यान ठिवा, बाई! माझ्या सुनंला हर्पीस झालाय!"