तीन भिंतींच्या घरातला सोफा

मित्रांनो, दोन माणसांपुरता केलेला एक जुना हिरवा सोफा तुमच्याशी बोलतो आहे. माझी गादी उजवीकडे खचली आहे. ती कशी खचली हे मला ठाऊक आहे. बाकी पुष्कळ गोष्टी मला अजून कळलेल्या नाहीत.

माझा जन्म जपानमधल्या असाहिकावा शहरातल्या एका कारखान्यात झाला. काही वर्षं मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात घाबरलेल्या माणसांना बसवून घेतलं. मग मला टोकियोतल्या एका घरात नेलं. ते घर मोठं विचित्र होतं. त्याला तीनच भिंती होत्या. चौथीच्या जागी दिवे, कॅमेरे आणि चहा पिणारी माणसं!

तिथे माझ्यावर दोघे बसत. तोगाशी चाळिशीचा, शांत. नागुमो त्याच्याहून बराच लहान आणि भारी बडबड्या. दिवे लागले की दोघे एकमेकांना भलत्याच नावांनी हाक मारत, भांडत, रुसत, घास भरवत. दिवे विझले की नागुमो अदबीनं 'तोगाशी-सान, तुम्ही' म्हणे आणि दोघे डब्यातला भात खात. मग पुन्हा तेच भांडण, त्याच शब्दांत. मला वाटायचं, बिचाऱ्यांना विसरण्याचा आजार आहे.

हळूहळू समजलं, की टीव्हीसाठी एक छोटी मालिका चालली आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाची, थोडी हसवणारी, थोडी रडवणारी. दिग्दर्शिका इगाराशीबाई माझं कौतुक करत. या सोफ्यावर जवळच बसावं लागतं, निम्मा अभिनय तोच करून घेतो, असं त्या म्हणत. पण मग दिवे विझल्यावर, बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असताना, नागुमो तोगाशीला खेटून माझ्या उजव्या बाजूलाच का बसून राही?

शेवटच्या प्रसंगाआधी तोगाशीनं त्याला एक गोष्ट सांगितली. मात्सुमोतो शहरात त्याच्या घरच्यांचं सार्वजनिक स्नानगृह होतं, लोक पैसे देऊन तिथे अंघोळीला येत. वडील अंथरुणाला खिळले होते, आई एकटी सगळं बघत होती. हे काम संपलं की अभिनय सोडून तो तिकडे जाणार होता. नागुमो नुसतं "अस्सं" म्हणाला आणि त्यानं अर्धा डबा तसाच बंद केला.

दिवे लागले. गोष्टीतला माणूस बॅग उचलून दाराकडे निघाला. त्याला थांबवायचं वाक्य नागुमोचं होतं.

"तोगाशी-सान, जाऊ नका."

तोगाशी दाराशी पाठमोरा उभा राहिला.

"नाव चुकलं," इगाराशीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्हा घेऊ."

मी पार गोंधळलो. आजवर भलती नावं घेतली ती बरोबर, आणि खरं नाव घेतलं ती चूक? पुढच्या खेपेला नागुमोनं वाक्य बिनचूक म्हटलं. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तोगाशीनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

मालिका लोकांना आवडली म्हणे. मला मात्र गोदामात ढकललं. तिथे माझा एक पाय मोडला, कापडाला ओल लागली. अंगावर कुणी साधी चादर टाकली नाही.

हिवाळ्यात नागुमो आला. गोदामवाल्यानं चांगले सोफे दाखवले, पण त्यानं मलाच मागितलं. ट्रकमध्ये माझ्या शेजारी त्यानं आपल्या कपड्यांची खोकी रचली आणि आम्ही थेट मात्सुमोतोला, स्नानगृहाच्या मागच्या दारी पोचलो. नागुमोनं अदबीनं बूट बाहेरच काढले. तोगाशी ओले हात पुसत दारात आला.

"कळवलं नाहीस."

"हा सोफा आणलाय. तुमच्याकडे जागा आहे का?"

तोगाशीनं खोक्यांकडे पाहिलं. "सोफ्याला, की तुला?"

"दोघांना," तो बडबड्या एवढंच म्हणाला.

एवढ्यात आतून तोगाशीची म्हातारी आई आली. हा कोण, म्हणून तिनं विचारलं.

"आई, हा माझा माणूस."

माझा माणूस म्हणजे कोण? पाहुणा? नोकर? मला काही उमगेना. म्हातारीनं दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"मग त्याचे बूट आत घे," ती म्हणाली. "बर्फात भिजतायत."

दुसऱ्या दिवशी तोगाशीनं माझा पाय जोडला. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या दारात आली, तर तिची ओल पुसा, मोडलं असेल ते सांधा. आणि ती घेऊन आलेल्या माणसालाही आत बोलवा. तो केव्हाचा थंडीत उभा असतो.