न झिजलेले दात

"ताई, चूक ड्रायव्हरचीच आहे ना? मग तेवढं रिपोर्टवर लिहून द्या, म्हणजे विषय संपला," गुरुदत्त म्हणाला.

कस्तुराचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. रॉकेलमध्ये धुतलेला गिअर तिने फडक्याने पुसला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात गोल फिरवत ती तशीच उभी राहिली.

चाकणच्या त्या वर्कशॉपात फोर-बाय-फोर गाड्यांचे डबे उघडायचं काम तिचं. इंजिनाची ताकद चारी चाकांना वाटून देणारा तो डबा मोडला, की तिच्या टेबलावर यायचा, आणि कशाने मोडला हे ती आतल्या दातांवरून सांगायची. निघोज्याची बाई, नववी शिकलेली, आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही. पण भलेभले इंजिनिअर तिच्या शब्दाबाहेर जात नसत. ड्रायव्हर नावाच्या जातीबद्दल मात्र तिचं मत फार वाईट होतं. होणारच की. बावीस वर्षं तिने मोडकेच डबे उघडले. चांगला चाललेला डबा उघडायला कोण कशाला आणील? चालत्या गाडीत चढणीचा लो गिअर टाकणारे, चिखलात रुतलं की ॲक्सिलरेटरवर नाचणारे, ओढ्यात गाडी घालून महिनाभर तेच पाणी मिसळलेलं ऑइल फिरवणारे, सगळे तिला तोंडपाठ होते. "ह्यांच्या हाती गाडी न्हाई, रेडा द्यायला पायजे," असं ती जेवणाच्या सुट्टीत म्हणायची.

आजच्या गिअरचे दोन दात मुळासकट गेले होते. त्याचं तिला काही नवल नव्हतं. नवल उरलेल्या दातांचं होतं. अकरा वर्षं, दोन लाखांवर किलोमीटर, तेही भामचंद्राच्या डोंगरामागच्या दगडधोंड्यांतून, आणि दातांच्या कडा जशाच्या तशा. असं काही जगात असतं हेच तिला माहीत नव्हतं.

"गाडी चालवतं कोण?" तिने विचारलं.

"हा भिमाजी," गुरुदत्तने भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. "आमचे दादा डोंगरावरच्या शेतात एकटे राहतात, मी पिंपळे गुरवला. अकरा वर्षं सगळा भरवसा ह्याच्यावर होता. आता स्वतःच म्हणतोय, माझ्या हातून मोडलं. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलंय मी."

त्याचे वडील, दादासाहेब, दाराजवळच्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

कस्तुरा भिमाजीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"लो टाकायच्या आधी काय करता?"

"थांबतो."

"दर येळंला?"

"व्हय. गाडी पुरती उभी ऱ्हाईल्याबिगर दांडीला हात लावत न्हाई."

"चाक जाग्यावर फिराया लागलं तर?"

"पाय काढतो. उतरून चाकाखाली दगूड सारतो. फिरतं चाक एकदम दगडाला धरलं, तर सगळा दणका आतल्या दातावर येतो."

"आन् वढ्यातनं आल्यावर?"

"ऑइल बघतो. दुधावानी दिसलं तर त्याच दिवशी बदलतो."

"हात बघू तुमचा."

भिमाजीने बावचळून हात पुढे केला. साधाच हात होता, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. देवळात बघावं तसं कस्तुरा त्याच्याकडे बघत राहिली.

"आन् असा माणूस कोरड्या काँक्रीटवर फोर-बाय-फोर तशीच ठेवून, स्टेअरिंग पार शेवटाला वळवतो व्हय?" ती म्हणाली. "चिखलात चाक घसरतं, म्हनून चालतं. कोरड्या रस्त्यावर घसराया जागा नसती, सगळा पीळ आत भरतो. ह्यो डबा तसाच मोडलाय. तुमाला हे ठावं न्हाई?"

"चुकलं," भिमाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

"खोटं बोलताय."

"ताई, तो कबूल करतोय ना? तुम्ही कशाला खोलात जाता?" गुरुदत्त वैतागला.

"साहेब, मी सही करनार हाय त्या कागदावर. अकरा वर्षं ज्या हातानं हे दात जपले, त्या हातानं हे मोडलेलं न्हाई. दुसरं कोन हुतं ते मला ठावं न्हाई."

भिमाजीने तिच्याकडे अशा काकुळतीने पाहिलं, की तिलाच अपराध्यासारखं झालं.

"बाई, तो गिअर जरा माझ्या हातात द्या," खुर्चीतून दादासाहेब म्हणाले.

कस्तुराने दिला. डोळ्यांजवळ न नेता, बोटांनीच ते एकेक दात चाचपत गेले. तिने त्यांचं बोट धरून न झिजलेल्या कडेवर ठेवलं. ते बराच वेळ तिथेच राहिलं. मग बोट पुढे सरकलं आणि तुटक्या जागेत अडलं.

"गुरू," ते म्हणाले, "त्या दिवशी स्टेअरिंगवर मी होतो."

"दादासाहेब, कशाला आता," भिमाजी पुटपुटला.

"बोलू दे मला. डोंगर उतरून कंपनीच्या काँक्रीट रस्त्याला लागलो. हा म्हणाला, आता फोर-बाय-फोर काढा. मला डॅशबोर्डवरचा फोर-बाय-फोरचा दिवा दिसत नव्हता, तरी दिमाखात म्हणालो, काढलंय. मग वळण दिसलं नाही. अंगावर आल्यावर सगळं स्टेअरिंग ओढलं. मोडल्याचा आवाज तेवढा चांगला ऐकू आला. तिथेच मी चावी ह्याच्या हातात दिली, ती कायमची."

"डोळे कधीपासून, दादा?"

"वर्ष झालं. तुला कळलं असतं तर तू मला फ्लॅटवर नेऊन बसवलं असतंस. म्हणून हा गप्प बसला. आणि ह्याची नोकरी जाताना मीही गप्प बसलो. ह्याचीच लाज वाटते मला."

गुरुदत्त वडिलांच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग भिमाजीकडे न बघताच तो म्हणाला, "डबा बसला की गाडी तुम्हीच वर शेतावर न्या."

दादासाहेबांनी गिअर दोन्ही हातांनी कस्तुराला परत दिला आणि ते उठले. दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले.

"भिमाजी," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पायऱ्या किती आहेत रे?"

"तीन," भिमाजी म्हणाला, आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.