बाहेरचा प्रशिक्षक

जिल्ह्याच्या गेलिक फुटबॉल, म्हणजे आयरिश पद्धतीच्या फुटबॉलच्या, संघाचा नवा प्रशिक्षक रेडिओवर जाहीर झाला, तसा पबमध्ये फर्गलने आनंदाने ग्लास आपटला. "थेट केरीचा माणूस आणलाय, सगळ्यात जास्त कप जिंकणाऱ्या जिल्ह्याचा! आता बघच!"

"काय कपाळ बघू?" म्हातारा मॅलकी खेकसला. "मागचाही बाहेरूनच आणला होता. त्याने काय दिवे लावले?"

"अरे, हा खेळ कोळून प्यायलाय."

"पिऊ दे. प्रशिक्षक बाहेरून आणता येतो रे, पोरं आपल्याच जिल्ह्यातली लागतात. ती आहेत कुठे? निम्मी सिडनीत विटा वाहतायत."

"तुझा नातू कॉनर आहे की! तो आहे तोवर कसली काळजी?"

मॅलकीने ग्लास बाजूला सारला. खेळाचे बूट घरीच टाकून कॉनर आज सकाळी सिडनीला गेला होता, आणि त्याला विमानतळावर सोडायला मॅलकीच गेला होता.