बापूजी काय सांगत होते

चेलनाचे सासरे सुरेशचंद, म्हणजे घरातले बापूजी, यांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाच्या दुकानात ज्यांचं तोंड दिवसभर मिटत नसे, ते आता देवपूरच्या घरात पुढच्या खोलीत खाटेवर पडून असत. त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून मुलाने, पुनीतने, माशांची काचेची टाकी आणून खाटेच्या पायाकडच्या बाजूला ठेवली. सासूबाई हीराबाईंना ते रुचलं नाही. जीव कोंडून ठेवायचे आणि त्याला शोभा म्हणायचं, हे आपल्या घरात कधी झालं नाही, असं त्या म्हणाल्या. पण नवरा सकाळ-संध्याकाळ टाकीकडे बघत बसतो, हे पाहून त्या गप्प झाल्या.

टाकीचं सगळं चेलनाकडे आलं आणि तिला त्याची गोडी लागली. जळगावला बी.एस्सी. केल्यानंतर स्वतःच्या हाताने काही करून बघायची संधी तिला मिळालीच नव्हती. मासे ठीक होते, पण पाण्यातली झाडं पिवळी पडत होती. झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय आणि तो घरी तयार करता येतो, हे तिला मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कळलं. साखर आणि यीस्टची रीत सोपी होती, पण जैन आचार कडक पाळणाऱ्या हीराबाईंनी यीस्ट घरात येऊ दिलं नसतं. म्हणून तिने दुसरी रीत धरली. शीतपेयाच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत लिंबूसत्त्वाचं पाणी, दुसरीत खायच्या सोड्याचं. झाकणांना भोकं पाडून नळ्या बसवल्या. टाकीत जाणारी नळी सलाइनची होती. बापूजींच्या आजारपणातला एक कोरा सेट कपाटात पडून होता. त्याचं चाक फिरवलं की गॅस कमी-जास्त होई. पहिला बुडबुडा पाण्यात सुटला, तेव्हा ती एकटीच हसली.

झाडं बघता बघता दाट झाली. पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरू लागले. तिने फोटो टाकले, अनोळखी लोकांनी कौतुक केलं. रात्री दिवा बंद केला की गॅसही बंद करा, असं व्हिडिओत बजावलं होतं. अंधारात झाडं तो घेत नाहीत आणि पाण्यात साचला तर मासे गुदमरतात. सुरुवातीला ती बंद करायची. पण सकाळी स्वयंपाकाच्या घाईत बुडबुड्यांचा वेग पुन्हा जुळवणं जिवावर येई. मग ती चालूच ठेवू लागली. हवेचा पंपही तिने काढून टाकला, त्याच्यामुळे गॅस उडून जातो म्हणून.

त्याच सुमारास बापूजी पहाटे स्टीलचा पेला खाटेच्या दांड्यावर आपटायला लागले. चेलना धावत जाई. ते डाव्या हाताने हवेत काही दाखवत आणि तोंड उघडत, मिटत, पुन्हा उघडत. तिने पाणी पाजलं. चहा दिला. त्यांनी कप ढकलला, चादर भिजली. रोज तेच. एकदा ती वैतागून म्हणाली, "बापूजी, सकाळी सकाळी असा त्रास देऊ नका ना."

त्यांचा हात खाली आला. पहाटे आपोआप लागणाऱ्या टाकीच्या दिव्यामुळे यांची झोप मोडत असेल, असं तिच्या मनाने घेतलं आणि त्या रात्री तिने त्यांची उशी दुसऱ्या टोकाला ठेवली. तोंड खिडकीकडे आलं, टाकी पाठीमागे गेली.

सकाळी पेला वाजला नाही. ती झाडू घेऊन खोलीत आली, तर बहुतेक मासे पाण्यावर आडवे पडले होते. उरलेले पार वर आले होते आणि तोंड उघडत, मिटत, पुन्हा उघडत होते. चेलनाच्या हातातून झाडू गळला.

तिने चाक आवळलं, नळी उपटली, पंप शोधून लावला, मगाने पाणी उंचावरून ओतत राहिली. थोडे मासे वाचले. तोवर पुनीत आणि हीराबाई आले होते.

"बापूजींनी परत बिस्कीट टाकलं असेल पाण्यात," पुनीत म्हणाला. पूर्वी एकदा तसं झालं होतं.

चेलना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. हीराबाईंनी नवऱ्याच्या उशाशी असलेली बिस्किटांची बशी उचलून फडताळात वर ठेवली. बापूजी मान वळवून चेलनाकडे बघत होते. पुनीत दुकानात निघून गेला.

स्वयंपाक करताना तिच्या पोळ्या करपत होत्या. मेलेले मासे तिने बागेत पुरले होते, पण तिच्या डोळ्यांपुढे ते नव्हते, ती बशी होती. दुपारी पुनीत जेवायला आला तेव्हा ती ताटं न वाढता पुढच्या खोलीत गेली आणि दोघांना तिथेच बोलावलं.

"बापूजींनी काही टाकलं नाही," ती म्हणाली. "मासे माझ्यामुळे गेले. बापूजी रोज सांगत होते. मी त्यांनाच बोलले, आणि त्यांचं तोंड फिरवून टाकलं."

तू काय मुद्दाम केलंस का, असं पुनीत म्हणाला.

"गॅस बंद करायचा असतो, हे मला माहीत होतं. आणि सकाळी तू बोललास तेव्हाही मी गप्प बसले."

हीराबाई फडताळाकडे गेल्या. त्यांनी बशी काढून उशाशी ठेवली आणि उशी पहिल्या जागी आणली. चेलनाने वाकून बापूजींच्या पायांना हात लावला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. या आजारात माणूस उगीचच रडतो, मनाला लावून घेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चेलनाला ते आठवलं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

बाटल्या तिने भंगारात दिल्या. झाडं पुन्हा विरळ झाली. आता बापूजींनी काही खूण केली की ती हातातलं काम ठेवून समोर बसते आणि एकेक विचारत जाते. कधी उमगतं, कधी नाही. परवा असाच बराच वेळ गेला. शेवटी कळलं, त्यांना दुकानातल्या जुन्या नोकराची, शिंदखेड्याच्या झुलालची, चौकशी करायची होती. तिने फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. सगळं ठीक आहे, असं पलीकडून झुलाल अहिराणीत मोठ्याने सांगत होता, "बठ्ठं बरं शे, शेठ." बापूजी कितीतरी वेळ ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ते आपल्याकडे पूर्वीसारखं बघत नाहीत, की आपल्यालाच तसं वाटतं, हे चेलनाला अजून ठरवता आलेलं नाही.